निवड करायची, पण विचारायचं कुणाला?

कॉलेजात प्रवेश झाला की घरातली माणसं सुटकेचा श्वास सोडतात. फॉर्म भरला, फी भरली, पोरगं मार्गी लागलं. आमच्या सोलापुरात यंत्रमागावर काम करणारा बाप असो की विड्या वळणारी आई, 'बी.ए.ला नाव घातलं' इथं त्यांचं काम संपतं. पुढचं कॉलेजवाले बघतील. खरं तर अवघड भाग तिथून पुढेच सुरू होतो. तो भाग बघायला नेमकं कोण आहे, याविषयी आज मला थोडं बोलायचं आहे.

मी शिक्षक नाही, प्राध्यापक नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण कवितेच्या निमित्तानं कॉलेजांत जाणं होतं. कधी वाङ्मय मंडळाचं उद्घाटन, कधी मराठी भाषा गौरव दिन, कधी काव्यवाचन. कार्यक्रम संपला की चार-दोन मुलं घुटमळत जवळ येतात. पूर्वी ती विचारायची, 'सर, कविता कशी सुचते?' गेल्या दोन-तीन वर्षांत प्रश्न बदलला आहे. आता मुलं विचारतात, 'सर, मायनर कोणता घेऊ?' कवितेचं उत्तर मला थोडंफार देता यायचं. हे कसं द्यावं? शेवटी मी त्यांनाच विचारतो, 'तुमच्या कॉलेजात हे सांगायला कुणी नाही का?' त्यावर मुलं एकमेकांकडे बघतात.

म्हणून मी हा विषय थोडा समजून घेतला. त्यातलं जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या वेळी सगळं सोपं होतं. सोलापूरची कॉलेजं तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ साली मिळालं. बी.ए. भाग एक, भाग दोन, भाग तीन अशा तीन पायऱ्या. मार्च-एप्रिलात परीक्षा, जूनमध्ये निकाल. खऱ्या अर्थानं निवड एकदाच करायची, ती म्हणजे स्पेशल विषयाची. खानावळीतल्या ताटासारखं होतं सगळं. जे वाढलंय ते खायचं.

आता ताटाच्या जागी मेनूकार्ड आलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये जाहीर झालं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून तो लागू केला. त्यात एक मेजर, म्हणजे मुख्य विषय. एक मायनर. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय. मग कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषेचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञान प्रणालीचा, खेळ किंवा एनएसएससारखा सहअभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प. हे सगळं मोजायचं ते मार्कांत नव्हे, क्रेडिटमध्ये. सरकारी मराठीत त्याला 'श्रेयांक' म्हणतात. वर्गात पंधरा तास शिकलं की साधारण एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. आपल्याकडे एका सत्राला साधारण बावीस श्रेयांक.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, 'भाईजान, क्रेडिट म्हणजे उधारीच ना? मग पोरीनं कॉलेजात उधारी कशाला करायची?' आम्ही दोघंही हसलो. पण त्यांचं चुकलं कुठं? किराणा दुकानात त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. त्यात आता 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' नावाची व्यवस्था २०२१ पासून आली आहे. मुलांनी मिळवलेले श्रेयांक तिथे खात्यावर जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. कल्पना चांगली आहे. परिस्थितीमुळे शिक्षण सोडावं लागलेल्या मुलाची मेहनत वाया जाऊ नये, हा तिचा हेतू आहे. पण बँकेत खातं आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो पैसे काढणार कसे?

याचं एक उदाहरण सांगतो. एक मुलगा पहिलं वर्ष पास झाला आणि घरच्या अडचणीमुळे पुण्याला कामाला गेला. एक वर्ष पूर्ण केलं की सर्टिफिकेट मिळतं, एवढं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. मागायला गेला तेव्हा समजलं की नुसतं वर्ष पास होऊन भागत नाही. बाहेर पडायचं तर चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. तो त्यानं केला नव्हता, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो हात हलवत परत आला. आणखी एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. बाहेर पडायचा दरवाजा त्याला दिसला होता. आत यायचाही दरवाजा आहे, हे त्याला मी सांगितलं, आणि मी त्या कॉलेजचा कुणीही नव्हतो.

पन्नास-साठ पानांची नियमावली संकेतस्थळावर असते. माहिती दडवलेली नसते. पण माहिती असणं आणि ती आपल्याविषयी आहे हे कळणं, यांत फार अंतर आहे. ज्या घरात आई-वडील, काका, मोठी बहीण कॉलेजात शिकलेली असतात, तिथे हे अंतर जेवता-जेवता भरून निघतं. ज्या घरातली पहिलीच व्यक्ती कॉलेजची पायरी चढते, तिथे ते कुणी भरायचं? त्यासाठीच जगभरच्या विद्यापीठांत एक माणूस नेमलेला असतो. त्याला 'ॲकॅडेमिक ॲडव्हायझर' म्हणतात. आपण त्याला शैक्षणिक सल्लागार म्हणू.

हा माणूस आला कुठून, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे. १८६९ साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या अध्यक्षपदी चार्ल्स एलियट नावाचा अवघा पस्तीस वर्षांचा गृहस्थ आला आणि पुढे चाळीस वर्षं तिथे राहिला. तोवर तिथेही ताटच होतं. ग्रीक, लॅटिन, गणित, सगळ्यांना सारखं. एलियटनं हळूहळू सक्तीचे विषय काढून टाकले आणि विद्यार्थ्यांना आपापले विषय निवडू दिले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना एवढी मोकळीक दिल्यावर काय होतं, ते तिथल्या शिक्षकांना लवकरच दिसलं. काही मुलांनी आवडीचे विषय निवडले आणि झपाट्यानं पुढे गेली. बऱ्याच जणांनी सोपे विषय निवडले, सकाळी लवकर उठावं लागणार नाही असे तास निवडले. काहींनी सगळ्या विषयांची पहिली पायरी चढली, दुसरी कुठल्याच विषयाची नाही. मग १८८०च्या दशकाच्या अखेरीस हार्वर्डनं पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी शिक्षक सल्लागार नेमले. १८७६ साली बाल्टिमोरला सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं तर आरंभीच्या वर्षांतच विद्यार्थ्यांसाठी शिक्षक सल्लागार ठेवले होते. १९०९ मध्ये एलियटनंतर आलेल्या लॉवेल यांनी निवडीला थोडी शिस्त लावली. एका विषयात खोल जा, बाकीच्या विषयांत थोडं फिरून या. आज आपण ज्याला मेजर आणि बाकीचं म्हणतो, त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे.

या गोष्टीतून मला एक धडा दिसतो. तिथे निवड आली आणि तिच्या मागोमाग सल्लागार आला. ही जोडी आहे. आपण मेनूकार्ड आणलं, ते योग्यच केलं. पण ते वाचून दाखवणारा माणूस त्याच घाईनं आणायला हवा होता.

आता सल्लागारानं करायचं काय? पुष्कळांना वाटतं, 'हा विषय घे, तो घेऊ नको' एवढं सांगितलं की झालं. १९७२ साली बर्न्स क्रुकस्टन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं याविषयी एक लेख लिहिला, तो या क्षेत्रात आजही वाचला जातो. त्याचं म्हणणं असं की सल्ला देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक डॉक्टर आणि रोगी यांच्यासारखी. डॉक्टर तपासतो, गोळी लिहून देतो, रोग्यानं ती मुकाट्यानं घ्यायची. दुसरी तऱ्हा अशी की दोघांनी मिळून विचार करायचा, आणि ठरवण्याची जबाबदारी शेवटी विद्यार्थ्यानं घ्यायची. क्रुकस्टनच्या मते ही दुसरी तऱ्हा म्हणजे शिकवणंच आहे. वर्गात विषय शिकवला जातो, इथं निवड करायला शिकवलं जातं.

मी उर्दू मुशायऱ्यांच्या वातावरणात वाढलो, त्यामुळे हे मला चटकन पटलं. तिथे उस्ताद आणि शागिर्द यांची एक रीत आहे. शागिर्दानं गझल लिहून न्यायची आणि उस्तादानं तिच्यावर इस्लाह करायची, म्हणजे ती तपासून सुधारायची. कच्चा उस्ताद ओळ खोडून स्वतःची ओळ लिहून देतो. शागिर्दाला दाद मिळते, पण त्याचा हात तयार होत नाही. जाणता उस्ताद शब्दाखाली रेघ मारतो आणि म्हणतो, 'इथं बघ, काय खटकतंय?' शागिर्द रात्रभर त्या शब्दाशी झटतो. ओळ शेवटी त्याचीच राहते. सल्लागाराचं कामही असंच रेघ मारण्याचं आहे.

त्याच १९७२ साली टेरी ओबॅनियन या दुसऱ्या अभ्यासकानं सल्ल्याचा क्रम सांगितला. पाच पायऱ्या. आधी बोलायचं ते आयुष्यात काय करायचं आहे याविषयी. मग उपजीविकेविषयी. तिसऱ्या पायरीवर अभ्यासक्रम निवडायचा, चौथ्यावर त्यातले विषय, आणि सगळ्यात शेवटी वेळापत्रक. आपल्याकडे काय होतं ते आठवून बघा. आपण नेमके उलटे चालतो. 'दुपारच्या बॅचला जागा आहे, त्यात हे विषय बसतात, तेवढे घे.' वेळापत्रकावरून विषय ठरतो, विषयावरून अभ्यासक्रम, आणि आयुष्याचं बोलणं राहूनच जातं. दुपारची बॅच गरजेची असते, हे मला मान्य आहे. सकाळी दुकानात काम करणाऱ्या मुलाला दुसरा इलाज नसतो. पण तो मुलगा सकाळी काम करतो हेही कुणाला तरी ठाऊक असायला हवं. ठाऊक असेल तर त्याला बसतील असे दुसरे विषय शोधता येतात.

कुणी म्हणेल, या गोड गोष्टी झाल्या, यानं फरक काय पडतो? याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळालेलं आहे. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या पदवी कॉलेजांत एक योजना सुरू केली. तिथे शिकणारी बरीचशी मुलं गरीब घरांतली. योजनेत मुलांनी पूर्ण वेळ शिकायचं, सल्लागाराला वारंवार भेटायचं, आणि त्या सल्लागाराकडे मोजकीच मुलं सोपवायची. जोडीला फीची उरलेली रक्कम, पुस्तकांना मदत आणि शहरात फिरायचा वाहतूक पास. मग एका संशोधन संस्थेनं चिठ्ठ्या टाकाव्यात तसे विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला ही योजना दिली, दुसऱ्याला नेहमीसारखंच ठेवलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. तीन वर्षांत पदवी पुरी करणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या गटात २२ टक्के होतं, योजनेतल्या गटात ४० टक्के. मुलं तीच, शिक्षक तेच, अभ्यासक्रम तोच. फरक फक्त पाठबळाचा होता. अर्थात हे यश एकट्या सल्लागाराचं नाही, पासाचं आणि पुस्तकांचंही आहे. पण पास घ्यायला मुलगा ज्या टेबलाशी यायचा, तिथे कुणीतरी त्याला 'कसं चाललंय?' असं विचारत होतं.

दुसरं उदाहरण अटलांटा शहरातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं. त्यांनी २०१२ पासून मुलांच्या रोजच्या शैक्षणिक नोंदींवर लक्ष ठेवणारी संगणकीय व्यवस्था आणली. अडचणीची आठशेहून अधिक लक्षणं त्यांनी शोधून ठेवली होती. उदाहरणार्थ, मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात मुलगा जेमतेम पास झाला, तर तो पुढे गळण्याचा संभव मोठा असतो. आपण 'पास झाला ना' म्हणून सोडून देतो. तिथे अशा वेळी सल्लागाराला सूचना जाते आणि तो मुलाला बोलावून घेतो. संगणक नुसती घंटा वाजवतो, दार माणसालाच उघडावं लागतं. म्हणून त्यांनी सल्लागारांची संख्याही वाढवली आणि एका सल्लागारामागे साधारण तीनशे विद्यार्थी असं प्रमाण आणलं. शिवाय किरकोळ फी थकल्यामुळे नाव कमी होणाऱ्या मुलांची तेवढी रक्कम विद्यापीठ स्वतःच भरू लागलं. पदवी पुरी करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि गोऱ्या-काळ्या विद्यार्थ्यांमधली दरी तिथे मिटली.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्याकडे काहीच नाही असं नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ पासून आहे. तिच्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी आहेत, अशी विचारणा होत आली आहे. त्यामुळे बहुतेक कॉलेजांत मेंटॉर योजना असते, काही ठिकाणी तिला शिक्षक-पालक योजना म्हणतात. प्रत्येक प्राध्यापकाला वीस-पंचवीस, कुठे त्याहून जास्त मुलं नेमून दिलेली असतात. फाईल असते. फाईलमध्ये मुलाचं नाव, पत्ता, रक्तगटसुद्धा असतो. काही प्राध्यापक हे काम जीव लावून करतात, मी असे पाहिले आहेत. सुट्टीच्या दिवशी मुलाच्या घरी जाऊन बापाची समजूत घालणारे आहेत. पण पुष्कळ ठिकाणी ही फाईल समिती यायच्या आधीच्या आठवड्यात एकदम भरली जाते. मुलांना आपला मेंटॉर कोण हे ठाऊक नसतं, आणि मेंटॉरला आपली मुलं.

दोष एकट्या प्राध्यापकाला देता येणार नाही. कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर काम करणारा शिक्षक तासाप्रमाणे मानधन घेतो आणि दुसऱ्या कॉलेजच्या तासाला धावतो. मुलाशी बोलत बसण्याच्या अर्ध्या तासाचे पैसे त्याला कुणी देत नाही. कायम प्राध्यापकाला परीक्षा, प्रवेश, पोर्टल आणि अहवाल यांतून सवड नाही. सल्लागाराचं काम हे काम म्हणून मोजलं जात नाही, ही खरी अडचण आहे. जे मोजलं जात नाही, ते उरलेल्या वेळात होतं, आणि उरलेला वेळ कुणाकडेच नसतो.

आपल्याकडच्या सल्लागाराला अमेरिकेतल्या सल्लागाराहून आणखी एक विद्या यावी लागते. कागदपत्रांची. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा तर उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायचा, जातीचं प्रमाणपत्र हवं, काही अभ्यासक्रमांना जात पडताळणी हवी, बँक खातं आधारला जोडलेलं हवं. यांतला एक कागद कमी पडला की अर्ज परत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम खात्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य शासन भरतं. यांपैकी कोणती योजना आपल्या पोरीला लागू आहे, हे विड्या वळणाऱ्या आईनं कुठून शोधावं? सोलापुरात असं एखादं घर दाखवा म्हटलं तर मला लांब जावं लागणार नाही. तिथे मुलीची फी आणि घरभाडं एकाच डब्यातून निघतं, आणि एका अर्जाची तारीख चुकली तर डब्यातून आधी फी बाहेर पडते. मग म्हणतात, 'मुलीनंच शिक्षण सोडलं.'

नापास होण्याविषयीही तेच. एटीकेटी हा आपल्याकडचा लाडका शब्द. 'अलाऊड टू कीप टर्म्स', म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. किती विषय राहिलेले चालतात, ते विद्यापीठागणिक वेगळं असतं. पण एक-दोन विषय राहिले की संपलंच सगळं, असं समजून घरी बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या टोकाला, 'एटीकेटी आहे, काही होत नाही' म्हणत तिसऱ्या वर्षी पाच विषयांचं ओझं घेऊन बसलेले मुलगेही पाहिले आहेत. दोघांनाही वेळेवर बोलणारं माणूस मिळालं नाही.

आणि कधीकधी अडचण विषयांची नसतेच. मुलगा तासाला येत नाही, डोळे खाली, जेवण सोडलेलं. मेंटॉर हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, त्यानं तसं होऊ पाहूही नये. पण सगळ्यात आधी ज्याच्या लक्षात यायला हवं तो माणूस तोच. लक्षात आलं की योग्य ठिकाणी सोपवणं, हेच त्याचं कसब. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि परीक्षेच्या काळात मुलांच्या छोट्या गटांना मेंटॉर नेमून द्यावेत, असं त्यांत म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक प्रत्येक मेंटॉरच्या फाईलच्या पहिल्या पानावर असावा.

मग आपण काय करावं? शासनानं काय करावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलतो.

बाळांनो, पहिल्या महिन्यातच कार्यालयात जाऊन विचारा, 'माझा मेंटॉर कोण?' नाव मिळालं की त्यांना भेटा. जाताना पाच प्रश्न वहीत लिहून न्या. माझा मेजर आणि मायनर मला पुढे एम.ए., बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेला कुठे नेतो? मला आतापर्यंत किती श्रेयांक मिळालेत आणि ते माझ्या खात्यावर जमा झालेत का? विषय बदलायचा तर शेवटची संधी कधी? मला कोणती शिष्यवृत्ती लागू आहे आणि तिची शेवटची तारीख काय? तीन वर्षांनी थांबावं की चौथं वर्ष करावं? चौथ्या वर्षाचा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. उत्तरं लगेच मिळाली नाहीत तरी चालेल. मात्र पुन्हा जा. तिसऱ्या वेळेला सर तुम्हाला नावानं हाक मारतील, आणि तिथून खरा सल्ला सुरू होतो.

आई-वडिलांनो, तुम्ही शिकलेले नसाल तरी कॉलेजात जा. मेंटॉरचा फोन नंबर घेऊन ठेवा. 'आम्हाला काय कळतं त्यातलं' म्हणून मागे राहू नका. मूल सकाळी काय काम करतं, घरी अभ्यासाला जागा आहे का, तिच्या लग्नाची घाई कोण करतंय, हे त्या शिक्षकाला तुमच्याशिवाय कुणी सांगणार नाही.

आणि जे नुकतेच पदवीधर झालेत त्यांना एक विनंती. गल्लीतल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना रविवारी तासभर द्या. तुम्ही ज्या कागदासाठी तीन खेपा घातल्यात, तो त्यांना एका खेपेत मिळेल.

मी स्पेशल मराठी घेतलं ते असंच. आमच्या कॉलेजचे एक सर ग्रंथालयात माझ्या हातातलं पुस्तक बघून थांबले आणि म्हणाले, 'काय वाचतोस?' मग अर्धा तास बोलत राहिले. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलानं मराठी घ्यावं की नको, हे त्यांनी सांगितलं नाही. एवढंच विचारलं, 'लिहायला बसलास की तुझे शब्द कुठल्या भाषेतून येतात?' तो प्रश्न घेऊन मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. सर तेव्हा कुणाचे मेंटॉर नव्हते, तशी फाईलही नव्हती. आज फाईल आहे, नियम आहे, शासन निर्णय आहे. तो अर्धा तास तेवढा प्रत्येक मुलाच्या वाट्याला यायला हवा, आणि तो प्राध्यापकाच्या कामाच्या तासांत धरला जायला हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)